किल्ली देण्याआधी

भाड्याचं घर सोडताना सगळ्यात जास्त कटुता येते ती डिपॉझिटवरून. भाडं दर महिन्याला जातं आणि अंगवळणी पडतं. डिपॉझिटची रक्कम मात्र एकदम गेलेली असते. पन्नास हजार, लाख, मुंबईत तर त्याहून कितीतरी जास्त. नव्या घराचं डिपॉझिट याच पैशांतून भरायचं असतं. टेम्पो ठरलेला असतो, मुलांच्या शाळेची घाई असते. आणि नेमके त्याच दिवशी मालक म्हणतात, "बघू, आठ-पंधरा दिवसांत करतो."

तुमच्यावर ही वेळ येऊ नये, आणि आलीच तर गोंधळून जाऊ नये, म्हणून हे लिहितो आहे. कायद्याची पुस्तकं वाचायची गरज नाही. कागद जपून ठेवायची सवय मात्र हवी. मालक वाईट आणि भाडेकरू बिचारा, असंही सरसकट नसतं. बऱ्याच वेळा दोघेही सरळ असतात, फक्त काय ठरलं होतं ते दोघांना वेगवेगळं आठवत असतं.

सुरुवात करारापासून करू.

आपल्याकडे आता बहुतेक घरं लिव्ह अँड लायसन्सवर दिली जातात. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदवायची गरज नाही," असं सांगणारे एजंट अजूनही भेटतात. महाराष्ट्रात हे चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मग तो ११ महिन्यांचा असो की ३ वर्षांचा. नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून आणला म्हणजे नोंदणी झाली, असंही समजू नका. नोटरी वेगळी, नोंदणी वेगळी.

खर्चाला घाबरायचं कारण नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला धरलेलं १० टक्के व्याज, यांच्या बेरजेवर ते लागतं. समजा भाडं २०,००० आणि डिपॉझिट १ लाख. ११ महिन्यांचं शुल्क सहाशेच्या आत बसतं. नोंदणी फी शहरात १,००० रुपये, गावात ५००. शिवाय एजंट घरी येऊन बोटांचे ठसे घेतो, त्याचे पैसे. सगळं मिळून काही हजारांत भागतं. हा खर्च कोणी करायचा ते आधी ठरवा. निम्मा-निम्मा केलात तर कुणालाच जड जात नाही.

मालकांनो, नोंदणी तुमच्याही फायद्याची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं असेल तर तसं सिद्ध करायचं काम तुमच्या गळ्यात पडतं.

आता एक काम कराच. सही करण्याआधी डिपॉझिटचं कलम दोनदा वाचा. एजंट म्हणेल, "सगळ्यांचा हाच असतो, सही करा." तरी वाचा. इंग्रजी अवघड वाटलं तर मुलाला किंवा शेजारच्या कुणाला तरी वाचून दाखवायला सांगा.

त्या कलमात तीन गोष्टी पाहायच्या. पैसे कधी परत मिळणार. कशाकशासाठी कापले जाणार. आणि उशीर झाला तर काय.

बऱ्याच छापील मसुद्यांत असं लिहिलेलं असतं की घर सोडतानाच डिपॉझिट बिनव्याजी परत द्यायचं. आणि मालकाने ते दिलं नाही, तर त्यावर व्याज लागेल आणि पैसे हातात पडेपर्यंत भाडं न देता भाडेकरूला घरात राहता येईल. हे वाक्य भाडेकरूच्या फार कामाचं आहे. पण ते आपल्या करारात आहे की नाही, हे लोकांना घर सोडायच्या दिवशीसुद्धा ठाऊक नसतं. काही मसुद्यांत ते नसतंच. काहींत उलट लिहिलेलं असतं: घर सोडल्यावर ३० दिवसांनी, किंवा नवा भाडेकरू मिळाल्यावर पैसे देऊ. "नवा भाडेकरू मिळाल्यावर" हे शब्द दिसले तर सही करू नका. तो भाडेकरू कधी मिळेल हे तुमच्या हातात नाही. तुमचे पैसे त्याच्यावर कशाला टांगून ठेवायचे?

त्याऐवजी साधं वाक्य घालून घ्या: "घराचा ताबा देताना, त्याच वेळी, थकबाकी व ठरलेल्या दुरुस्तीची रक्कम वजा करून उरलेलं डिपॉझिट भाडेकरूच्या बँक खात्यात जमा केलं जाईल. वजावटीची बिलं दिली जातील." मराठीत चालतं. फार वकिली भाषा लागत नाही.

पैसे कुणाच्या खात्यात जातात तेही पाहा. बोलणी मुलगा करतो, घर आईच्या नावावर असतं, आणि डिपॉझिट मागितलं जातं तिसऱ्याच्याच खात्यात. असं करू नका. करारावर ज्याचं नाव, त्याच्याच खात्यात भरा. रोख तर देऊच नका. द्यावीच लागली तर रक्कम, तारीख, घराचा पत्ता लिहून सही घ्या. घर खरंच त्यांचं आहे का, हेही बघून घ्यायला संकोच वाटू देऊ नका. इंडेक्स-टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) मागा, वीजबिल मागा, सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा. सरळ मालकाला याचा राग येत नाही.

मित्र-मैत्रिणी मिळून घर घेत असाल तर आणखी एक कागद करा. डिपॉझिटमध्ये कुणाचे किती, ते लिहा आणि सगळ्यांनी सह्या करा. पुण्यात नोकरीला आलेल्या मुलांमध्ये हे नेहमी होतं. एक जण मध्येच सोडून जातो, त्याच्या जागी दुसरा येतो, तो पहिल्याला परस्पर पैसे देतो. दोन वर्षांनी घर सोडताना करारावर नाव असलेला मुलगा कुठेतरी बंगळुरूला असतो आणि मालक म्हणतात, मी पैसे त्याचेच घेतले होते. त्यांचं काही चुकत नाही. माणूस बदलला की मालकाला लेखी कळवा आणि करारात तशी दुरुस्ती करून घ्या.

मुंबईत हेवी डिपॉझिटचा प्रकार आहे. भाडं अगदी थोडं किंवा शून्य, आणि डिपॉझिट दहा-पंधरा लाख. महिन्याचा खर्च वाचतो म्हणून लोक दागिने मोडून, गावची जमीन विकून पैसे देतात. माझं स्पष्ट मत आहे: आयुष्यभराची पुंजी अशी एका अनोळखी माणसाच्या हाती देऊ नका. ती रक्कम मालक बहुधा कुठेतरी वापरून टाकतो. तुम्ही निघता तेव्हा त्याला दुसरा हेवी डिपॉझिटवाला शोधावा लागतो. तो मिळाला नाही तर तुम्ही अडकता. घरावर बँकेचं कर्ज असेल आणि हप्ते थकले, तर बँक ताबा घ्यायला येते. तेव्हा तुमच्या डिपॉझिटचं काय, हे बँक विचारत नाही. द्यायचंच ठरवलं असेल तर घरावर कर्ज आहे का ते विचारा, पूर्ण रक्कम नोंदणीकृत करारात दाखवा आणि एक पैसाही बाहेरून देऊ नका. करारात २ लाख आणि हातात १० लाख, असं केलंत तर आठ लाख तोंडी शब्दावर राहिले.

डिपॉझिट किती घ्यावं यावर केंद्र सरकारने २०२१ मध्ये एक आदर्श कायदा तयार केला. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. पण तो नमुना आहे. राज्याने आपला कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. १९९९ च्या आपल्या कायद्यात लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला अशी मर्यादा नाही. म्हणून मालकाशी हुज्जत घालू नका. बोलणी करताना मात्र "सरकारचं म्हणणं दोन महिन्यांचं आहे हो," एवढं जरूर म्हणा. कधी कधी तेवढ्याने काम होतं.

घरात सामान चढवण्याआधी तासभर काढा. घर रिकामं असतानाच मोबाइल घेऊन प्रत्येक खोलीचा व्हिडिओ करा. भिंती, छत, खिडक्यांच्या काचा, ग्रिल. मग जवळून फोटो घ्या: बाथरूमच्या कोपऱ्यातली ओल, किचनच्या ओट्याला गेलेला तडा, सिंकखालचा कुजलेला प्लाय, न लागणारी ट्रॉली, दाराची सैल कडी. गिझर चालू करून पाहा. पंखे पाचावर फिरवून पाहा. फ्लश ओढून पाहा. वीजमीटरचा आकडा दिसेल असा एक फोटो घ्या.

हे फोटो तुमच्याच मोबाइलमध्ये ठेवून फार उपयोग नाही. त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. सोबत दोन ओळी लिहा: "नमस्कार काका, आज घराचा ताबा घेतला. घराची आजची स्थिती या फोटोंत आहे. बाथरूमच्या भिंतीला ओल आहे, हॉलमधला एक पंखा आवाज करतो. माहितीसाठी पाठवतो आहे." बस्स. यात भांडण नाही, आरोप नाही. पण दोन वर्षांनी "ही ओल तुमच्यामुळे आली" असं कुणी म्हणालं, तर हा निरोप तारखेसकट समोर ठेवता येतो.

राहत असतानाही तीच सवय ठेवा. नळ गळायला लागला, प्लग जळाला, वरच्या मजल्यावरून पाणी झिरपू लागलं, की फोन करा आणि नंतर एक ओळ लिहूनही पाठवा. ओल वेळेवर कळवली नाही आणि भिंतीचा पोपडा पडला, तर मालकाचं म्हणणंही खोटं ठरत नाही. मालकाच्या परवानगीने तुम्ही काही खर्च केलात, तर बिल ठेवा. भिंतीत ड्रिल मारायचं, जाळी बसवायची, एसी लावायचा, तर आधी विचारा आणि "चालेल" हे उत्तर जपून ठेवा.

घर सोडायचं ठरलं की करारात किती दिवसांची नोटीस लिहिली आहे ते बघा. बहुधा एका महिन्याची असते. लॉक-इनची मुदत संपली आहे का तेही बघा. ती संपण्याआधी निघालात तर उरलेल्या महिन्यांचं भाडं कापलं जाऊ शकतं, आणि करारात तसं लिहिलेलं असेल तर तक्रारीला जागा उरत नाही. नोटीस लेखी द्या. जिन्यात भेटल्यावर सांगितलं, हे धरू नका. त्याच पत्रात घर कोणत्या तारखेला सोडणार आणि डिपॉझिट कोणत्या खात्यात हवं, ते लिहा. मालकाला पैशांची सोय करायला महिना मिळतो. शेवटच्या दिवशीचं "आत्ता हाताशी नाहीत" टळतं.

एक गोष्ट बरेच भाडेकरू करतात. शेवटचे दोन महिने भाडंच देत नाहीत. "डिपॉझिटमधून कापून घ्या" म्हणून मोकळे होतात. मालक पैसे बुडवेल या भीतीने करतात, ते समजतं. पण करारात तसं नसेल तर तुम्ही थकबाकीदार ठरता. पुढे खरंच नुकसान निघालं तर मालकाकडे कापायला काही उरत नाही, आणि मग तो चिडून भलतीच यादी काढतो. मालक तयार असतील तर करा, पण त्यांचा होकार लेखी घ्या. बऱ्याच घरांत ते भाडं म्हणजे एखाद्या निवृत्त माणसाचा महिन्याचा औषधपाण्याचा खर्च असतो, हेही मनात असू द्या.

आता घर सोडायचा दिवस. इथे सगळं बिघडतं. खाली टेम्पो उभा, हमाल घाई करतायत, बायको शेवटची पिशवी भरतेय, आणि मालक मोबाइलचा टॉर्च लावून भिंतीवरचे खिळे मोजतायत. अशा वेळी शांतपणे हिशेब होत नाही. म्हणून पाहणी दोन दिवस आधी करून घ्या. मालकांना चहाला बोलवा, सोबत घर फिरून दाखवा, काय कापायचं ते तिथेच कागदावर लिहा. वीजबिल, पाइप गॅसचं बिल आधी भरून टाका आणि पावत्या तयार ठेवा. मीटरचा फोटो परत घ्या.

ताबा द्यायच्या दिवशी पैसे आणि किल्ली एकाच बैठकीत. मालकांनी तिथेच बसून पैसे पाठवावेत, तुमच्या खात्यात आल्याचा मेसेज यावा, मग किल्ल्या द्याव्यात. बँकेची मर्यादा आड येत असेल तर आदल्या दिवशी अर्धी रक्कम, उरलेली त्या दिवशी. किल्ल्या दिल्यावर कागदावर लिहून घ्या: किती किल्ल्या, कोणत्या तारखेला, घर रिकामं मिळालं. दोघांच्या सह्या.

पैसे मिळाले नाहीत तर घर अडवून बसायचं का? इथे जपून पाऊल टाका. करारात तसं कलम असेल तर तुम्हाला राहायचा आधार आहे. नसेल, तर मुदत संपल्यावर राहणं महागात पडू शकतं. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही ताबा न दिल्यास ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. लाखाचं डिपॉझिट सोडवायला जाऊन चाळीस हजार महिना अंगावर घ्यायचा, हा धंदा परवडत नाही. तेव्हा करार हातात घेऊनच ठरवा, रागाच्या भरात नको.

काय कापता येतं? थकलेलं भाडं, न भरलेली बिलं, तुमच्या हातून मोडलेली वस्तू. फुटलेलं बेसिन, मुलाने तोडलेली काच, हरवलेली किल्ली, हे द्या, वाद घालू नका. पण वापरून वापरून जे जुनं होतं ते नुकसान नव्हे. चार वर्षांनी भिंतीचा रंग फिका पडणारच. नळाचा वायसर झिजणारच. कॅलेंडरचे दोन खिळे म्हणजे भिंतीची वाट लावली, असं होत नाही.

रंगावरून फार ओढाताण होते. माझा सल्ला असा: घरात शिरताना रंग नवा होता का, आणि तुम्ही किती वर्षं राहिलात, हे आधी बघा. नव्या रंगाच्या घरातून सहा महिन्यांत निघालात आणि मुलांनी हॉलभर रंगीत पेन्सिली चालवल्या असतील, तर खर्च उचला. जुन्याच रंगाच्या घरात तीन वर्षं काढली असतील, तर अख्खं घर नव्याने रंगवायचं बिल तुमच्या माथी मारणं रास्त नाही. एक महिन्याचं भाडं रंगासाठी कापू, असं आधीच करारात लिहिलं असेल तर मात्र ते तुम्ही मान्य केलेलं आहे. म्हणून तर सही करण्याआधी वाचा म्हटलं. बाकी वेळी बिल मागा. "पंचवीस हजार धरा" हे बिल नव्हे.

मालकांनाही दोन शब्द. डिपॉझिट तुमचं उत्पन्न नाही, ते परत करायचं देणं आहे. ते मुदत ठेवीत टाका, व्याज तुमचंच. लग्नात किंवा गाडीत घातलंत की भाडेकरूने नोटीस दिल्यावर तुमची झोप उडते. भाडेकरू निघाल्यावर खरंच मोठं नुकसान दिसलं तर फोटो काढा, मिस्त्रीकडून लेखी अंदाज घ्या, आणि तेवढंच कापून बाकी त्याच दिवशी द्या. दहा हजारांच्या वादासाठी लाख अडकवून ठेवू नका. आणि भाडेकरू कितीही त्रासदायक असला तरी वीज-पाणी तोडणं, सामान घरात असताना कुलूप बदलणं, असलं काही करू नका. तुमची बाजू खरी असली तरी तेवढ्याने लंगडी पडते.

एवढं करूनही पैसे अडले तर पायरी-पायरीने जा.

आधी फोन बंद करा आणि लिहायला लागा. "घर अमुक तारखेला दिलं. डिपॉझिट एक लाख. ठरल्याप्रमाणे वजावट आठ हजार. उरलेले ब्याण्णव हजार पंधरा दिवसांत द्यावेत." धमकी नको, बदनामीची भाषा नको, सोसायटीच्या ग्रुपवर तर मुळीच नको. मधे एखादी दोघांच्या ओळखीची, वयाने मोठी व्यक्ती घालता आली तर घाला. निम्म्या भांडणांत अडचण पैशांची नसते, आधी नमतं कोणी घ्यायचं याची असते.

उत्तर आलं नाही तर वकिलाकडून नोटीस पाठवा. पोलिसांकडे गेलात तर बहुधा "हे दिवाणी आहे" असं सांगून परत पाठवतील. फसवणूकच झाली असेल, म्हणजे खोट्या मालकाने पैसे घेतले किंवा एकच घर अनेकांना दिलं, तर मात्र लगेच पोलिसांतच जा.

पैशांच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. "देतो, देतो" ऐकत ही मुदत घालवू नका.

वकिलाची फी परवडत नसेल तर तुमच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समितीही असते. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना उत्पन्न न पाहता तिथे मोफत मदत मिळते. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. कोर्टात दावा न लावताच प्रकरण लोकअदालतीत ठेवायची विनंतीही तिथे करता येते. त्याला कोर्ट फी नाही. समोरच्याला बोलावून घेतात आणि तडजोड झाली तर त्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचीच किंमत असते, त्यावर अपीलही नाही. घर भाड्याने घेताना करारावर घरातल्या बाईचं नाव असेल तर इथेही उपयोग होतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

विधी सेवा प्राधिकरणाकडचा अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो. सोबत कराराची प्रत, डिपॉझिट भरल्याचा बँकेचा उतारा, किल्ल्या दिल्याचा कागद, फोटो आणि मेसेजची छापील पानं लावा. मूळ कागद देऊ नका, प्रती द्या. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.